इकालुइटमध्ये 100 घरांची नवी वसाहत: पाया, पाणी आणि रस्ते यांचा मेळ कसा घालायचा?

नकाशा_वही (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. एम.प्लॅनच्या (नगररचनेतल्या पदव्युत्तर पदवीच्या) प्रबंधासाठी कॅनडातल्या नुनावुतची राजधानी इकालुइट इथे एका निवासी वसाहतीचा ले-आउट करते आहे. 1996 च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या 4,220 होती, 2021 मध्ये 7,429. एप्रिल 1999 मध्ये नुनावुत वेगळा प्रदेश झाला, सरकारी कचेऱ्या आल्या, माणसं वाढली आणि घरांचा तुटवडा आजही आहे. 2022 मध्ये नुनावुत सरकारने 2030 पर्यंत प्रदेशभर 3,000 घरं बांधायची योजना जाहीर केली, म्हणून हा विषय घेतला.

जागा काल्पनिक आहे, पण तिथल्या भूगोलाला धरून घेतली आहे: 100 घरं, 400 माणसं, दक्षिणेकडे उतरणारी टेकडी. वरच्या अर्ध्या भागात उघडा खडक, खालच्या अर्ध्यात शेवाळाने झाकलेला ओलसर खोलगट भाग. आपल्याकडच्या सवयीने आधी रस्ते टाकून प्लॉट पाडले आणि आता पाया आणि सर्व्हिसेस बसवायला गेले तर काहीच जुळत नाही.

प्रश्न असे:
पाया सगळीकडे एकच धरता येईल का? पाणी नळाने द्यावं की टँकरने? रस्त्यांची दिशा कशावर ठरवायची? आणि काम किती हंगामांत, कोणत्या क्रमाने होईल? आकडे मिळाले तर फार बरं. वर्णनात्मक माहिती भरपूर मिळाली आहे.

---

खडकमाती

पायाबद्दल लिहितो, बाकीचं इतर सांगतील.

पाया सगळीकडे एकच धरता येणार नाही, आणि तुमच्या जागेवर तर नक्कीच नाही. आधी प्लॉट पाडणं हीच इथली पहिली चूक ठरते. तिथे आधी बोअर (जमीन तपासायला पाडलेली खोल भोकं) घ्यायचे, जमिनीचा नकाशा करायचा आणि मग प्लॉट पाडायचे. खडक किती खोल आहे, त्यावरच्या मातीत बर्फ किती आहे आणि ती माती खारट आहे का, या तीन गोष्टी कळल्याशिवाय रेघ ओढू नका. इकालुइटच्या किनाऱ्याजवळच्या सखल भागात जुनी समुद्री गाळमाती सापडते. मीठ असलं की माती शून्याच्या खाली जाऊनही पुरती गोठत नाही, आणि गोठलेल्या मातीची पाइलवरची (घर पेलायला जमिनीत खोल रोवलेल्या खांबावरची) पकड खूप कमी होते.

तिथलं हवेचं वार्षिक सरासरी तापमान उणे 9 अंशांच्या आसपास आहे, त्यामुळे खालची जमीन बारमाही गोठलेली. वरचा साधारण 1 ते 2 मीटरचा थर तेवढा उन्हाळ्यात वितळतो आणि हिवाळ्यात पुन्हा गोठतो. सगळा त्रास या थराचा.

वरच्या खडकाळ भागात सरळ उपाय आहे: खडकात बसवलेले स्टीलचे पाइप-पाइल. साधारण 168 मिमी व्यासाचा पाइल, त्यासाठी 200 मिमीच्या आसपास भोक, आणि चांगल्या खडकात 2 ते 3 मीटर खोल सॉकेट (पाइलचा खडकात रुतलेला भाग). इथे दोन फसगती होतात. एक म्हणजे मोठ्या धोंड्याला खडक समजणं. हिमनदीने आणलेल्या गाळात घराएवढे धोंडे असतात, ड्रिल त्यावर आपटलं की 'खडक लागला' अशी नोंद होते. म्हणून सलग 3 मीटर अखंड खडक दिसल्याशिवाय खडक म्हणू नये. दुसरी, खडकाचा वरचा मीटर-दीड मीटर थंडीने फुटलेला असतो आणि भेगांत बर्फ भरलेला असतो. ड्रिलिंगच्या उष्णतेने तो बर्फ वितळतो आणि मागे पोकळी राहते. सॉकेटची लांबी मोजताना हा फुटका भाग धरायचाच नाही. ग्राउटही (भोकात पाइलभोवती ओतायचं सिमेंटचं मिश्रण) थंडीसाठीचंच लागतं. साधं सिमेंट गोठलेल्या भोकात सेट होण्याआधीच गोठतं, मग वरून टणक दिसतं आणि आतून भुगा.

खालच्या ओलसर भागात खडक फार खोल असेल तर पाइल गोठलेल्या मातीच्याच पकडीवर उभा करावा लागतो. भोक पाडायचं, पाइल उभा करायचा, भोवती वाळू आणि गोड्या पाण्याचा गारा ओतायचा आणि तो गोठू द्यायचा. गारा शक्य तितका थंड हवा. पुरता गोठेपर्यंत पाइलवर वजन टाकायचं नाही, आणि 'गोठला' हे अंदाजाने ठरवायचं नाही. पाइलला थर्मिस्टरची (तापमान मोजणाऱ्या सेन्सरची) माळ लावून तापमान वाचायचं. हे काम मार्च ते मे या काळात करतात, कारण तेव्हा जमीन सर्वांत थंड असते आणि वरचा थर ड्रिलिंग मशीनचं वजन पेलतो. जुलैमध्ये तेच मशीन शेवाळात रुतून बसेल आणि जाता जाता जमीन उघडी करून जाईल.

आता खरा आकडा पाहा. हिवाळ्यात वरचा थर गोठताना फुगतो आणि पाइलला धरून वर खेचतो. बारीक मातीत स्टीलवर ही पकड डिझाइनला 100 किलोपास्कल धरतात. 168 मिमी पाइल आणि 1.5 मीटर थर घेतला तर पृष्ठभाग 0.79 चौ.मी., म्हणजे वर ओढणारं बळ सुमारे 79 किलोन्यूटन, साधारण 8 टन. लाकडी सांगाड्याच्या लहान घरात एका पाइलवर येणारं कायमचं वजन बहुतेक वेळा याच्या निम्म्याच्या आसपास असतं. म्हणजे उरलेलं बळ खालच्या पकडीने तोलायला हवं, नाहीतर पाइल दरवर्षी थोडाथोडा वर येतो आणि उन्हाळ्यात परत खाली जात नाही. आपल्या काळ्या मातीत अंडर-रीम पाइल जसा फुगणाऱ्या थराच्या खाली पाय रोवतो, तोच हा विचार. शिवाय वरच्या थरातल्या लांबीला ग्रीस लावून प्लॅस्टिकची बाही चढवतात, म्हणजे मातीला धरायला काही राहत नाही. ही बाही बसवायला प्रत्येक पाइलला फार तर अर्धा तास जास्त लागतो. घाईत हीच राहून जाते.

घराखाली किमान 600 मिमी, शक्यतो 1 मीटर मोकळी जागा ठेवा. घराची उष्णता जमिनीत उतरू नये आणि हिवाळ्याची हवा खालून फिरावी, एवढाच तिचा हेतू. लोक तिथे सामान भरतात, कडेने फळ्या मारून बंद करतात, आणि चार-पाच वर्षांत दरवाजे अडकायला लागतात. भाडेकराराच्या किंवा लीजच्या अटीतच 'घराखालची जागा मोकळी राहील' हे लिहिलेलं बरं.

शाळा, अग्निशमन केंद्र, गॅरेज अशा इमारतींना जमिनीवरच स्लॅब लागतो, तिथे थर्मोसायफन वापरतात: स्लॅबखाली आडव्या नळ्या, आत दाबाखाली कार्बन डायऑक्साइड, बाहेर उभे रेडिएटर. हिवाळ्यात हवा जमिनीपेक्षा थंड झाली की आतला वायू आपोआप फिरतो आणि जमिनीतली उष्णता बाहेर टाकतो. विजेची गरज नाही. उन्हाळ्यात तो थांबतो, म्हणून नळ्यांच्या वर 100 ते 150 मिमी इन्सुलेशन. रेडिएटर बर्फाच्या ढिगात गाडले जाणार नाहीत इतक्या उंचीवर आणि गाड्यांच्या वाटेपासून दूर हवेत. याचं कॅनडाचं मानक सीएसए एस500 आहे, प्रबंधाला ते लागेलच.

---

नळजोड

पाण्याचं ठरवण्याआधी हिशोब मांडू.

उत्तर कॅनडात नियोजनासाठी नळाच्या घराला माणशी रोज 225 लिटर आणि टँकरच्या घराला माणशी 90 लिटर धरायची पद्धत आहे. तुमच्या 400 माणसांना नळाने रोज 90,000 लिटर, टँकरने 36,000 लिटर.

आधी टँकर. चार माणसांचं घर, रोज 360 लिटर. घरात 1,200 लिटरची टाकी असेल तर सव्वातीन दिवस पुरते. इकालुइटला हिमवादळाने रस्ते दोन-तीन दिवस बंद पडू शकतात, म्हणजे ही टाकी अगदी काठावरची आहे. 2,000 लिटरखाली जाऊ नका. मैलापाण्याची टाकी पाण्याच्या टाकीच्या दीडपट ठेवतात. मैल्याची टाकी भरली की घरातला पाण्याचा पंप आपोआप बंद होईल असा फ्लोट स्विच हवाच, नाहीतर घाण पाणी न्हाणीघरातून वर येतं. आता गाड्या: दर तीन दिवसांनी एक फेरी धरली तर रोज 33 घरं. एका घराला नळी ओढणं, भरणं, गुंडाळणं मिळून 15 मिनिटं धरा, की एका गाडीचे सव्वाआठ तास फक्त या वसाहतीत गेले. मैल्याच्या गाडीचे तेवढेच वेगळे. प्रत्येक घराचा भरणा-नळ रस्त्याच्या बाजूला आणि गाडी वळवायची जागा बर्फ टाकण्याच्या जागेपासून वेगळी, हे ले-आउटमध्ये दिसलं पाहिजे.

माझा कौल 100 घरांना नळाचाच. पण तिथली नळयोजना म्हणजे मुळात पाणी सतत फिरतं ठेवायची योजना आहे, हे डोक्यात ठेवून आखणी करा.

मुख्य नळ एचडीपीईचा (एका टणक प्लॅस्टिकचा), कारखान्यातच 50 मिमी पॉलियुरेथेन फोम आणि वर एचडीपीईचं कवच चढवलेला, सांधे वितळवून जोडलेले. व्यास ठरतो आगीच्या पाण्यावर, म्हणून 150 मिमीच्या खाली जाता येत नाही. या नळाचा आतला व्यास साधारण 137 मिमी, म्हणजे मीटरला 14.7 लिटर पाणी. तुमच्या 400 माणसांचा सरासरी वापर सेकंदाला जेमतेम 1.04 लिटर. एवढ्याने नळातला वेग 0.07 मीटर प्रतिसेकंद होतो, म्हणजे पाणी जवळपास उभंच. म्हणून वळसा घालून परत येणारी वाहिनी आणि फिरवणारा पंप लागतो.

घरजोड करायचे दोन प्रकार. पहिल्यात मुख्य नळात दोन तिरपी तोंडं बसवतात, एक प्रवाहाकडे आणि एक प्रवाहाच्या पाठीकडे. दाबातल्या फरकाने घरापर्यंत जाऊन परत येणारी बारीक जोडनळी आपोआप फिरती राहते. याला मुख्य नळात किमान 0.6 मीटर प्रतिसेकंद वेग लागतो, म्हणजे सेकंदाला सुमारे 9 लिटर, वापराच्या साडेआठपट. आणि घर नळापासून 20-25 मीटरच्या आत हवं. दुसऱ्या प्रकारात घरातच छोटा पंप बसवून दोन नळ्यांतून पाणी फिरवतात. मुख्य पंप लहान चालतो, पण शंभर घरांत शंभर पंप, आणि घर रिकामं असताना वीज गेली की तो बंद. मी वसाहतीसाठी पहिला प्रकार घेईन आणि प्लॉटची पुढची हद्द ते घर हे अंतर त्यावरून बांधून घेईन.

गोठतं काय आणि किती वेळात, हे गणित करून पाहा. भोवतालची जमीन उणे 10, पाणी 4 अंशांवर, पंप बंद. वर सांगितलेल्या मुख्य नळातलं पाणी शून्यावर यायला साधारण 17 तास लागतात आणि त्यानंतरही पुरता गोठायला दोन आठवड्यांहून जास्त. 32 मिमीच्या घरजोडीत, तेवढंच 50 मिमी इन्सुलेशन असूनही, पाणी दोन तासांच्या आत शून्यावर येतं आणि पावणेदोन दिवसांत नळी ठार बंद. म्हणून तक्रारी नेहमी घरजोडीच्या येतात. घरजोडीला विजेची तापणारी तार लावण्यासाठी कवचाच्या आत खोबण आधीच ठेवून घ्या. नंतर घालता येत नाही. तार रोज चालवायला नसते, गोठलेली नळी सोडवायला असते.

उष्णतेचा हिशोब बरेच जण उलटा करतात. 2 किलोमीटरच्या मुख्य वळशातून साधारण 9 ते 10 किलोवॉट उष्णता जमिनीत जाते. पण तलावातलं हिवाळ्यातलं पाणी 1 अंशाच्या आसपास येतं, ते 5 अंशांवर न्यायलाच सुमारे 17 किलोवॉट लागतात. म्हणजे इन्सुलेशन कितीही जाड केलं तरी बॉयलर फार लहान होत नाही. इथे गावाच्या डिझेल वीजकेंद्राची वाया जाणारी उष्णता जवळ असेल तर तिचा विचार करा.

आणि कृपया 'नळ थोडा चालू ठेवला की गोठत नाही' हा उपाय आराखड्यात गृहीत धरू नका. मिनिटाला 2 लिटर सोडले तर दिवसाला 2,880 लिटर, जवळपास 13 माणसांचं पाणी. वीस घरांनी असं केलं तर 57,600 लिटर, म्हणजे तुमच्या सगळ्या वसाहतीच्या वापराच्या निम्म्याहून जास्त. इकालुइटचं पाणी जेराल्डीन तलावावर आहे आणि तो अपुरा पडतो: 2018 मध्ये एपेक्स नदीतून पंप करून तलाव भरावा लागला, ऑगस्ट 2022 मध्ये पाणीटंचाईमुळे शहराला आणीबाणी जाहीर करावी लागली. नव्या वसाहतीने त्या तलावावर गळकी तोंडं वाढवू नयेत.

मैलापाण्याच्या वाहिनीला किमान 1 टक्का ढाळ द्या. जमीन थोडी बसली तरी उलटा ढाळ होत नाही. घरजोडीला 2 टक्के. तुमची टेकडी दक्षिणेला उतरते ही चांगली गोष्ट आहे, पंपिंग स्टेशन टाळता आलं तर टाळाच. ते बंद पडलं तर हिवाळ्यात दुरुस्तीला हातात तासच असतात.

---

ईशान्यवारा

रस्ते आणि बर्फाबद्दल.

इकालुइटला हिवाळ्यात वायव्येचा वारा जोरात असतो. आकाशातून पडणाऱ्या बर्फापेक्षा जमिनीवरून सरपटत येणारा बर्फ जास्त त्रास देतो. वारा इमारतीला अडला की तिच्या आडोशाला वेग मरतो आणि बर्फ तिथे साचतो. ढीग इमारतीच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत पसरू शकतो. 7 मीटर उंचीचं दुमजली घर धरलं तर 70 मीटर. त्यामुळे मुख्य रस्ते वाऱ्याला समांतर, वायव्य-आग्नेय ठेवा, म्हणजे वाराच ते झाडून नेतो. घरांची लांब बाजूही वाऱ्याला समांतर. प्रवेशद्वार वाऱ्याच्या समोर नको आणि आडोशालाही नको. लांब बाजूच्या भिंतीत, वाऱ्याकडच्या टोकाला जवळ. घराखालची मोकळी जागा इथेही कामाला येते: वारा खालून गेला की तिथला बर्फ उडवून नेतो. ती बंद केली की ढीग भिंतीला चिकटतो आणि आपत्कालीन खिडकीही बुजवतो.

वायव्येच्या हद्दीवर बर्फ अडवणारं कुंपण घालायचं असेल तर निम्मी उघडी फळ्यांची जाळी करा आणि पहिल्या घरापासून कुंपणाच्या उंचीच्या 30 ते 35 पट दूर ठेवा. 3 मीटरचं कुंपण म्हणजे 100 मीटर. एवढी जागा नसेल तर कुंपण घालूच नका, जवळचं कुंपण घरावरच बर्फ आणून टाकतं.

साफ केलेला बर्फ टाकायला ठरलेली जागा हवी, आणि ती उताराच्या खालच्या बाजूला. वरच्या बाजूला टाकला की जूनमध्ये त्याचं सगळं पाणी पाइलच्या ओळींतून वाहत येईल.

निचऱ्यावर जरा जास्त लिहितो, कारण वसाहती यातच फसतात. वितळणीच्या वेळी, मे अखेर ते जून, वरचं सगळं बर्फपाणी दोन-तीन आठवड्यांत खाली येतं आणि त्या वेळी मोऱ्या आतून गोठलेल्याच असतात. पाणी मग रस्त्याच्या भरावाशी तुंबतं. साचलेलं पाणी ऊन शोषतं, खालचा बर्फ वितळवतं, खड्डा खोल होतो, त्यात आणखी पाणी. एकदा हे चक्र सुरू झालं की भराव घालून थांबत नाही. म्हणून मोरी 600 मिमीच्या खाली नको, आणि प्रत्येक मोरीच्या आत वरच्या कडेला एक बारीक स्टीलची नळी कायमची बांधून ठेवा. वसंतात तिच्यात वाफ सोडली की मोरीतून वाट मोकळी होते. ज्या मोरीला ही नळी नाही ती कुदळीने फोडावी लागते आणि तोवर पाणी रस्त्यावरून गेलेलं असतं.

चर खणून निचरा करायची आपली सवय इथे सोडा. शेवाळाखाली चर खणला की बर्फ उघडा पडतो. तिथे नैसर्गिक ओहळ जिथून जातो तो तसाच ठेवतात आणि प्लॉट त्याच्या दोन्ही बाजूंना हटवतात. तुमच्या खोलगट भागातला ओलावा जिथून वाहतो त्या पट्ट्याला 'बांधकाम नाही' म्हणून रंगवून टाका. चार-पाच प्लॉट जातील, जाऊ द्या. समुदायांच्या निचऱ्याचं मानक सीएसए एस503 आहे.

---

नकाशा_वही

तिघांचेही मनापासून आभार, एवढं नेमकं कुठेच मिळालं नव्हतं. दोन शंका उरल्या.

नळ आणि मैलावाहिनी पुरायला चर तर खणावाच लागणार, मग ईशान्यवारा म्हणतात तो धोका तिथेही आहेच ना? आणि ग्रीनलँडची राजधानी नूक इतकी वाढते आहे, तिथे पाइल फारसे दिसत नाहीत, सरळ काँक्रीटवर उंच इमारती दिसतात. ते इथे का चालत नाही?

---

नळजोड

धोका आहेच. चराचा तळ म्हणजे पाण्याला मिळालेली आयती वाट. उन्हाळ्यात वितळलेलं पाणी नळाभोवतीच्या खडीतून उतारावर धावतं आणि भोवतालची गोठलेली जमीन खात जातं. उपाय तीन आहेत. बर्फाने भरलेली खणलेली माती परत चरात टाकायची नाही, ती फेकायची; भरावाला कोरडी खडी-वाळू. ठरावीक अंतरावर, उतार जास्त असेल तिथे जवळजवळ, बेंटोनाइट (पाण्याने फुगणारी चिकणमाती) मिसळलेल्या मातीचा बांध चराच्या पूर्ण रुंदीत घालायचा, म्हणजे पाणी अडतं. आणि चर शक्यतो रस्त्याच्या भरावाखालून न्यायचा, घरांच्या मागून नाही. चर हिवाळ्याच्या शेवटी खणून त्याच आठवड्यात बुजवावा. उघडा चर आठ दिवस उन्हात राहिला तर कडा ढासळतात.

व्हॉल्ट, म्हणजे व्हाल्व्ह आणि हायड्रंट (आगीसाठी पाणी घ्यायचं तोंड) जिथे असतात ती इन्सुलेटेड पेटी, हिच्यातून पाण्याचा नळ आणि मैल्याची वाहिनी दोन्ही जातात. मैलावाहिनी तिथे पूर्ण बंद, फक्त झाकणाचं साफसफाईचं तोंड ठेवलेली असली पाहिजे. व्हॉल्टमध्ये पाणी साचू देऊ नका. आणि हायड्रंट मुख्य नळाच्या अगदी डोक्यावर घ्या, बाजूला फाटा काढून नको. फाट्यात पाणी उभं राहतं आणि गरजेच्या दिवशी गोठलेलं सापडतं.

जागेवर पूर्वी इंधनाच्या टाक्या होत्या का, हेही तपासा. ऑक्टोबर 2021 मध्ये शहराच्या पाण्यात इंधन मिसळलं, जवळपास दोन महिने नळाचं पाणी पिऊ नये असा आदेश होता. शुद्धीकरण केंद्राशेजारी पुरलेली 1962 ची इंधनटाकी तपासात सापडली. हवाईतळ म्हणून वाढलेल्या गावात अशा पुरलेल्या गोष्टी अजून असणार असं धरूनच चाला.

---

कातळ

नूकबद्दल मी सांगतो.

नूकची आजची लोकसंख्या 20,000 च्या आसपास आहे. तिथे बहुतेक बांधकाम थेट नाइस नावाच्या कठीण खडकावर होतं, आणि समुद्रामुळे हवाही सौम्य, म्हणून बर्फाने भरलेल्या जमिनीचा प्रश्न इकालुइटइतका नाही. सुरुंग लावून खडकात पायरी काढायची, सुटे तुकडे पूर्ण साफ करायचे, स्टीलचे डॉवेल (जोडसळ्या) ग्राउट करून वर काँक्रीटची पट्टी ओतायची, झालं. किंगोरपुट ही 2000 नंतर उभी राहिलेली वसाहत अशीच आहे, आणि आता त्याच्यापलीकडे उक्कुसिस्सात नावाच्या डोंगराच्या पाठीमागे सिओरार्सिओर्फिक वसाहतीचं काम आहे, ज्याला पोचायला डोंगरातून बोगदा काढावा लागला.

म्हणजे तिथे अडचण जमिनीच्या तापमानाची कमी आणि सुरुंगाच्या खर्चाची जास्त. रस्ता, नळाचा चर, मैलावाहिनी, सगळं खडक फोडून. त्यामुळे नूकचे नियोजनकार इमारती एकत्र आणि उंच ठेवतात. एका मीटर नळावर जितकी जास्त घरं तितका खर्च वाटला जातो. हा धडा इकालुइटच्या तुमच्या वरच्या अर्ध्या भागाला तसाच लागू होतो. खडकावर दाट वस्ती करा, तिथे रो-हाउस आणि तीन मजली इमारती बसवा, आणि ओलसर भागात मोजकीच स्वतंत्र घरं ठेवा किंवा एकही नको. 100 पैकी 75-80 घरं वर गेली तर नळाची लांबीही घटेल.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. नूकचं बंदर बारमाही बर्फमुक्त आहे आणि वीज 1993 पासून बुक्सेफ्योर्डच्या जलविद्युत केंद्रातून येते. इकालुइटला जहाजं साधारण जुलै ते ऑक्टोबरच येतात आणि वीज डिझेलवर. म्हणून नूकचं खर्चाचं कोष्टक उचलून इकालुइटला लावू नका. जमिनीची मालकी मात्र दोन्हीकडे आपल्यापेक्षा वेगळी. ग्रीनलँडमध्ये जमीन खासगी नसतेच, वापराचा हक्क मिळतो. इकालुइटमध्ये शहर प्लॉट लीजवर देतं. जमीन विकायची का यावर नुनावुतच्या गावांमध्ये 1995 आणि 2016 मध्ये मतदान झालं आणि दोन्ही वेळा लोकांनी नाही म्हटलं. तुमच्या प्लॉटच्या हद्दी त्यामुळे कायमच्या दगडावर कोरलेल्या नसतात, ओहळाचा पट्टा राखायला हे सोयीचंच आहे.

---

खडकमाती

कामाचा क्रम राहिला होता, तो देतो.

पहिलं वर्ष: मार्च-एप्रिलमध्ये बोअर, निदान दर दोन-तीन प्लॉटमागे एक, आणि ओलसर भागात जास्त. आठ-दहा बोअरमध्ये थर्मिस्टर ठेवून पूर्ण वर्षभर तापमान वाचायचं. जूनमध्ये पाणी कुठून वाहतं ते प्रत्यक्ष नकाशावर उतरवायचं. ही पाहणी ऑगस्टमध्ये केली तर काही दिसणार नाही. हिवाळ्यात ले-आउट पक्का.

दुसरं वर्ष: रस्त्याचा आणि प्लॉटचा भराव. शेवाळ काढायचं नाही, ते जमिनीचं पांघरूण आहे. त्यावर थेट खडी, सुरुवातीचा थर जमीन गोठलेली असतानाच, पुढचे 300 मिमीच्या थरांत दाबून. टिपर नेहमी टाकलेल्या भरावावरूनच पुढे जाईल, शेवाळावर चाक उतरणार नाही. खडी गावातच खडक फोडून करावी लागते, म्हणून क्रशरचं काम आधीच्या उन्हाळ्यातच हवं. मग भराव एक पूर्ण उन्हाळा बसू द्यायचा. कडेचे 2-3 मीटर सर्वांत जास्त बसतात, तिथे पाइल किंवा पायऱ्या येऊ देऊ नका.

मालाची यादी दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीच्या हिवाळ्यातच. जहाजाचा माल मार्च-एप्रिलपर्यंत नोंदवला नाही तर तो उन्हाळा गेला. पाइल, नळ, व्हॉल्ट, ग्राउट, भिंतीचे पॅनेल, शेवटच्या खिळ्यापर्यंत. विमानाने मागवलेला एक व्हाल्व्ह परवडतो, नळाची कांडी परवडत नाही.

तिसरं वर्ष: वसंतात, जमीन गोठलेली असताना, मुख्य नळांचे चर आणि पाइल, दोन्ही. यासाठी लागणारा माल दुसऱ्या वर्षाच्या जहाजाने येऊन हिवाळाभर गावात पडलेला असला पाहिजे, कारण पहिलं जहाज येईपर्यंत वसंत संपलेला असतो. अनेक आराखडे इथेच एक वर्ष हरवतात. जुलैच्या जहाजाने घरांचे पॅनेल, ऑक्टोबरच्या आत छप्पर आणि भिंती बंद, आतलं काम हिवाळ्यात. नळात पाणी सोडायचं ते फिरवणारा पंप, त्याचा जोडीचा राखीव पंप आणि जनरेटर चालू झाल्यावरच. पहिल्या हिवाळ्यात दहाच घरं राहती झाली असतील तर उरलेल्या नव्वद घरजोड्या मुख्य नळाजवळच्या व्हाल्व्हपाशी बंद करून हवेच्या दाबाने रिकाम्या करून ठेवा.

सुधारित ले-आउट झाला की इथे टाका. बोअरच्या जागा कुठे घ्यायच्या ते खुणा करून देतो.